काळी बोटं

काष्टीच्या बाजाराला निघताना लढाईमुळं पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या ट्रकनं बार काढला, तशी आत बांधलेली अलीमची घोडी बुजली, मागचे पाय ट्रकच्या मागच्या फळीवरून, फाळक्यावरून, बाहेर घसरले. तोंडाच्या म्होरकीची साखळी वर कडीला, घोडी खाली लोंबकळलेली! अलीम साखळी सोडवायला धावला. सकाळीच बायको काकुळतीला आली होती, “साखळीच्या टोकाला सुतळी बांधा. घोडी बुजली तर सुतळी तुटंल, मान न्हाई. माझ्या अब्बांची घोडी फास लागूनच मेली.” “पळाली तर तू धरशील व्हय?” त्यानं झिडकारलं. साखळी देताना तिची काळी बोटं बघून तो खेकसला, “हात तरी धू!” आता ताणलेली साखळी सुटेना. घोडीची घरघर ऐकवेना. त्यानं डोळे मिटले. तट्कन काहीतरी तुटलं. घोडी कोसळली, धडपडत उभी राहिली. साखळीच्या टोकाला, वेगळी ओळखू येऊ नये म्हणून काजळी फासलेली सुतळी लोंबत होती. ती धरताच अलीमचीही बोटं काळी झाली.