न प्यायलेला कप

"प्रश्न चौदावा," सर्वेक्षणाला आलेली लुजैन म्हणाली. "गरज पडल्यास आपण निकटच्या नातेवाइकाचे मूत्रपिंड स्वीकाराल. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, अजिबात सहमत नाही."

"शेवटचं," अबू मिशअल म्हणाले.

आधीच्या तेरा प्रश्नांनाही ते शेवटचंच म्हणाले होते. प्रश्नावली राजधानीतल्या विद्यापीठात तयार झाली होती, शुद्ध ग्रांथिक अरबीत. त्या भाषेत करकच्या डोंगरात कुणी मीठसुद्धा मागत नाही. अवयवदानाबद्दल लोकांना काय वाटतं, ते एक ते पाच आकड्यांत मोजायचं होतं. अबू मिशअल पाचावर ठाम होते. ते आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जात. दोन्ही हातांच्या शिरा संपत आल्या होत्या आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी उन्हाळ्यापलीकडचं काही बोलायचं सोडून दिलं होतं.

मूत्रपिंड तयार होतं. समोरच्याच गादीवर बसलं होतं. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं, फिद्दाचं. तपासण्या झाल्या होत्या, सगळं जुळलं होतं, आणि एक किडनी घे म्हणून ती दोन वर्षं भावाच्या मागे लागली होती. आज त्यासाठीच ती दोन गाड्या बदलून माहेरी आली होती. सर्वेक्षण मध्येच उपटलं.

"विचार की त्याला, का नको ते," फिद्दा म्हणाली.

मुलाखतीत तिसऱ्या व्यक्तीने बोलू नये, अशी लुजैनला लेखी सूचना होती. ती पाळली असती तर या गावात एकही मुलाखत झाली नसती. तरी ती म्हणाली, "मावशी, मला फक्त काकांचं मत घ्यायचंय."

"घे बाई. आम्ही दोन वर्षं तेच घेतोय."

"शरीर ही अल्लाची ठेव आहे," अबू मिशअल छताकडे बघत म्हणाले.

"इमामसाहेब म्हणाले चालतं. डॉक्टर म्हणाले चालतं. न चालणारा हा एकटाच."

"बाबांच्या जैतुनांच्या बागेतला तुझा हिस्सा मी घेतला. आता किडनीही घेऊ? लोक काय म्हणतील? बहीण जिवंतपणी सोलून खाल्ली!"

"तू मेलास की हेच लोक मन्सफच्या मटणभातावर ताव मारायला येतील. भात कमी पडला तर तेही म्हणतील."

अबू मिशअल उठले. उत्तर सुचलं नाही की ते कॉफी ओतत. स्वतःला दिवसाला दोन पेल्यांच्या वर पाण्याची परवानगी नव्हती, पण यजमानपण डॉक्टरांनी बंद केलेलं नव्हतं. बिनकानाच्या लहानशा कपात त्यांनी आधी लुजैनला ओतली. ती प्यायली. मग फिद्दाला दिली. तिनं कप उजव्या हातात घेतला आणि ओठांना न लावता समोर चटईवर ठेवून दिला.



असा कप पुरुष ठेवतात. मुलगी मागायला येतात तेव्हा, नाहीतर खुनाची माफी मागायला. "पी, तुझं मागणं मान्य," असं यजमान म्हणेपर्यंत त्या कपाला कुणी हात लावत नाही. आणि बाहेरच्या माणसादेखत जो नाही म्हणतो, त्याच्या घरी पुढे कुणी कॉफीला येत नाही. बाहेरचं माणूस म्हणजे लुजैन. तिच्या हातात छापील कागद आणि पेन्सिल होती. इतका पक्का साक्षीदार गावात आजवर कुणालाच मिळाला नव्हता.

"कप उचल, फिद्दा. हे बायकांचं काम नाही."

"मग तू पुरुषासारखं उत्तर दे. मागणं तुला माहीत आहे."

"माहेरी आलेली पाहुणी नसते."

"माझा हिस्सा गेला ना, त्या दिवसापासून मी इथं पाहुणीच आहे."

कपातली वाफ विरळ होत चालली.

"बावीस वर्षांपूर्वी," फिद्दा म्हणाली, "तू चुलत्यांना घेऊन माझ्या दारात आलास. कप असाच ठेवलास. जैतुनं मागितलीस. मी काय म्हणाले होते?"

ते चटईचा धागा उसवत राहिले.

"काय म्हणाले होते, अबू मिशअल?"

"कॉफी पी म्हणालीस."

"थंड व्हायच्या आत म्हणाले होते."

भिंतीवर वडिलांचा फोटो होता. अबू मिशअलनी तिकडे पाहिलं. तिकडून काही मदत होण्यासारखी नव्हती. मग त्यांनी लुजैनकडे पाहिलं. तिनं आपल्या कागदात डोकं घातलं.

"कॉफी पी, फिद्दा," ते म्हणाले.

ती थंड, कडू कॉफी फिद्दानं एका घोटात संपवली. तोंड वाकडं केलं नाही.

लुजैननं पेन्सिल उलटी धरली. टोकाला खोडरबर होतं. "काका, मग चौदाव्याचं उत्तर बदलू?"

"का म्हणून?" अबू मिशअल उसळले. "पाच! अजिबात सहमत नाही! मी काय हौसेनं किडनी घ्यायला निघालोय? पाहुणीचा मान राखतोय."

लुजैननं गोंधळून फिद्दाकडे पाहिलं. फिद्दानं रिकामा कप भावापुढे धरून डावीउजवीकडे हलवला, म्हणजे पुरे, आता आणखी नको.

"तसंच लिही, पोरी. त्याचं मत राहू दे त्याच्यापाशी. ते मी कुठं मागितलंय?"