शिवबाई बघायला बसल्या

ओढ्याच्या तोंडाशी विजयमालानं गाडी थांबवली. समोर कोरड्या ओढ्याची वाट दगडधोंड्यांतून सरळ टेकडीवर चढत होती. आजवर त्या वाटेनं शेळ्यामेंढ्या गेल्या होत्या. चार चाकं कुणी नेली नव्हती.

"हितनं?" शेजारच्या सीटवरून तिच्या सासूनं, शिवबाईंनी विचारलं.

"व्हय आत्या. हितनंच."

शिवबाईंनी हेल्मेटवरून पदर नीट केला आणि पुढची दांडी धरली.

गाडी येऊन महिना झाला होता. शेजारी शेजारी दोन सीटा, दारं नाहीत, काचा नाहीत, डोक्यावर आणि बाजूंनी जाड नळ्यांचा सांगाडा. गावानं तिचं नाव 'पिंजरा' ठेवलं होतं. डाळिंबाच्या बागेत औषधाचे कॅन न्यायला घेतलीय, असं विजयमाला सगळ्यांना सांगायची. पण कॅन न्यायला कोणी कंपनीचे टायर काढून खोल नक्षीचे रुंद टायर घालत नाही. चिंचोळी एमआयडीसीत नेऊन पोटाखाली पोलादी पत्रा बसवून आणत नाही. अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच तर तिनं स्वतः पाने घेऊन बसवला होता, अंगणात आडवं पडून, फोनवरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत. एक्कावन्नाव्या वर्षी तिला पहाटे आपोआप जाग यायला लागली होती. उठली की आधी गाडीपाशी जायची, मग चुलीपाशी.

तिचा नवरा जोतीराम एकदाच गाडीत बसला. पहिल्या खड्ड्याला उतरला आणि चालत घरी आला. "मणका हाय का माझा ते बघा आदी," म्हणाला. तेव्हा शिवबाई म्हणाल्या, "मी बसून बघते. पटलं न्हाय तर गाडी माघारी जाईल."

त्यांनी म्हटलं म्हणजे जाणार. बाग त्यांच्या नावावर होती आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा होता. विजयमाला नवी नवरी असताना एकदा हौसेनं ट्रॅक्टरवर चढली होती. शिवबाईंनी किल्ली काढून कमरेला खोचली होती.

विजयमालानं चारही चाकांना जोर देणारं बटण दाबलं.

"ते कशाचं?"

"चारी चाकं ओढत्यात मग."

"आन् ह्यो दांडा?"

"गिअर हाय. चढाला हा खालचा टाकायचा."

गाडी ओढ्यात शिरली. धोंडे टायरखाली येऊन मागं पडू लागले. गाडी डावीकडं झुकायची, उजवीकडं झुकायची, पुन्हा सरळ व्हायची. विजयमालाच्या पोटात गुदगुल्या होत होत्या. तिला जोरात हसावंसं वाटत होतं, पण शेजारी सासू होती. शिवबाई वाटेकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर सुनेच्या हातांवरून पायांवर, पायांवरून हातांवर फिरत होती. चूक शोधताहेत, विजयमालाच्या मनात आलं. तिनं पाठ ताठ केली.

"दोनच पायडल?" शिवबाईंनी मधेच विचारलं. "ट्रॅक्टरला तीन असत्यात."

"ह्याला क्लच न्हाय आत्या. एक पळवायचा, एक थांबवायचा."

टेकडीच्या खांद्याशी वाट ओढ्यातून बाहेर पडून अरुंद झाली, एका बाजूला दरी. मधोमध गुडघाभर उंचीचा धोंडा. विजयमालानं तो पोटाखाली घेऊन जायचं ठरवलं. खालून पत्रा करकरला, पुढचं एक चाक हवेत उठलं आणि गाडी दरीकडं कलली. तिनं गच्च ब्रेक दाबला. खालून खडे घरंगळत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

संपलं, असं तिला वाटलं. गाडीही गेली आणि हौसही गेली. तिनं मागं घ्यायला गिअरच्या दांड्याला हात घातला. शिवबाईंनी त्या हातावर आपला हात ठेवला.

"निम्मंच मागं घे. मग चाक त्या धोंड्यावरच घाल. चुकवू नको त्येला."

"कलंडंल, आत्या."

"पोटाखाली घेतलास म्हणून कलला. वर चढीव."

विजयमालानं हातभर मागं घेतलं, स्टीअरिंग वळवलं आणि पाय हळूहळू दाबत नेला. टायरनं धोंड्याची कड धरली. गाडीचं नाक आभाळाकडं गेलं. क्षणभर नुसतं निळं दिसत होतं. मग मागची चाकं वर आली, गाडी दणकन पलीकडं टेकली आणि उरलेली चढण एका दमात चढून पठारावर उभी राहिली.

वारा भणाणत होता. खाली डाळिंबाच्या बागा, शेततळ्यांचे निळे तुकडे, आणि पार लांबवर पंढरपूरकडं जाणारा रस्ता. आता मात्र विजयमाला हसली, अगदी मोठ्यानं. मग तिला पत्र्याचा आवाज आठवला. ती उतरली आणि गाडीखाली सरकली. पत्र्यावर लांबलचक ओरखडा होता, पण बाक नव्हता. सासूच्या तोंडाकडं न बघता विचारायला ही जागा बरी होती.

"आत्या, सांगा की आता," ती खालूनच म्हणाली. "ठेवायची का माघारी धाडायची?"

वर गाडी थोडी हलली.

ती धूळ झटकत बाहेर आली. शेजारची सीट रिकामी होती. शिवबाई स्टीअरिंगमागं बसल्या होत्या, पदर खोचून, दोन्ही हात चाकावर ठेवून.

"ही सीट जरा पुढं घे," त्या म्हणाल्या. "माझा पाय पोचंना."