समोरच्या घरातला फ्रिज

फ्रिज गुणाबाईच्या दारात अडकला.

"जरा तिरपा करा," शिवगंगा म्हणाली. मन्मथनं तिरपा केला. आत काहीतरी सांडल्याचा आवाज आला. दोघांनीही तो न ऐकल्यासारखं केलं.

"रंगकाम आत्ताच काढलं व्हय आप्पा?" गुणाबाईनं विचारलं. "दिवाळी तर कवाच सरली."

"भिंतीला ओल आलीय मावशी," शिवगंगा म्हणाली.

ओल आली नव्हती. रंगकामही काढलेलं नव्हतं.

झालं होतं असं की त्यांच्या लेकीच्या, शिवानीच्या शाळेनं यंदा घरचा डबा बंद केला होता. सगळ्या लेकरांनी शाळेतच एकसारखं जेवायचं, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. कमीपणा न वाटण्याचे महिन्याला बाराशे रुपये होते. ज्यांना झेपत नाही, त्यांनी अर्ज करायचा. त्यांच्या लेकरांना जेवण अर्ध्या पैशांत.

मन्मथचं उदगीरच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. पण अर्ध्या भावात मिळणारी वस्तू पूर्ण भावात घेणं त्याला पापासारखं वाटायचं. त्यानं अर्ज केला. उत्पन्नाचा दाखलाही, कसा ते न विचारलेलं बरं, जोडला.

मग पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. शाळेचे शेषेराव सर घरोघरी पाहणीला येणार. खोटा अर्ज सापडला तर भर पालकसभेत नाव वाचून दाखवणार.

त्या सभेतले निम्मे पालक मन्मथचे गिऱ्हाईक होते.

"उद्यापासून माझ्याकडनं चमचा तरी घेईल का कुणी?" मन्मथ म्हणाला. त्याला रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून फ्रिज. मग सोफा, टीव्ही, वॉशिंग मशीन. शेवटी पडदेसुद्धा.

ठेवायला जवळचं घर एकच, समोरच्या गुणाबाईचं. घर म्हणजे एक खोली. गुणाबाई दिवसभर दाळमिलमध्ये दाळ निवडायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीतल्या बातम्या निवडायची. कुणाकडं कोण पाहुणा येणार, हे पाहुण्याच्या आधी तिला ठाऊक असायचं.

"तिला खरं सांगून टाकू का?" मन्मथनं बायकोला विचारलं होतं.

"सांगा की. त्यापेक्षा रिक्षाला भोंगा बांधून फिरवा."

"तिची नात बी त्याच शाळेत हाय म्हणून म्हणलं."

"पुनमचा नंबर गरिबांच्या कोट्यात लागलाय. तिचं समदं फुकट. तिला काय कळणार आपला जाच?"

सामान आत गेलं तेव्हा गुणाबाईला उभं राहायला जागा उरली नाही. ती सोफ्यावर बसून बघत होती. "आप्पा, ह्याच्यात माणूस बुडतंय की हो! तुमी दोघं उठता कसं?"

"ठेवा मावशी दोन दिवस," शिवगंगा म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या की. म्या कुठं भाडं लावून राहिले?"

दुसऱ्या दिवशी शेषेराव सरांची स्कूटर गल्लीत शिरली आणि गुणाबाईच्या दारासमोर थांबली. सर उतरले आणि सरळ तिच्या घरात गेले.

पडदे समोर गेलेले असल्यामुळं मन्मथ आणि शिवगंगाला खिडकीशेजारच्या भिंतीला चिकटून बघावं लागलं.

"तिच्याकडं कशाला गेले?"

"आधी शेजाऱ्याला इचारत असतील. पाहणी अशीच असती."

"मेलो! ती म्हणणार, हे आप्पाचं सामान, आप्पानं रंग काढलाय."

"मग रंग लावा!"

"घरात चुना तरी हाय का?"

"पानाचा हाय."

मन्मथनं तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. गल्ली ओलांडून ते इकडं आले, आत आले, सतरंजीवर बसले. मन्मथ हात जोडूनच उभा राहिला. पाय धरायचे ते आत्ताच धरावेत की सर काही बोलल्यावर, एवढंच त्याचं ठरत नव्हतं.

"चहा कोराच हाय सर," शिवगंगा म्हणाली. "घरात दूध न्हाई."

हे मात्र खरं होतं. दूध फ्रिजमध्ये होतं.

सरांनी उघड्या भिंती बघितल्या, रिकामा कोपरा बघितला. चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"मला काही विचारायचं नाही," ते म्हणाले. "तुमचा अर्ज मंजूर."

शिवगंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या खऱ्या आसवांची तयारी तिनंही केली नव्हती.

"रडू नका ताई. ही सवलत तुमच्यासारख्यांसाठीच आहे. पण लोक काय करून राहिलेत, बघा ना. त्या समोरच्या बाई! नातीला शाळेची फी माफ आहे, जेवणाची नाही, म्हणून अर्ज केला. काम काय, तर दाळमिलमध्ये मजुरी. आत जाऊन बघतो तर सोफा, टीव्ही, वॉशिंग मशीन, आणि फ्रिज तर माझ्या घरी नाही एवढा! अर्ज तिथंच रद्द केला. आता सभेत नाव वाचणार."

मन्मथचे जोडलेले हात तसेच राहिले.

"त्या... काही बोलल्या न्हाईत?" शिवगंगानं विचारलं.

"मी विचारलं ना! म्हटलं, बाई, हे दुसऱ्या कुणाचं असेल तर आत्ताच सांगा, लेकराच्या जेवणाचा प्रश्न आहे. थोडा वेळ तुमच्या दाराकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, 'न्हाई सर, समदं माझंच हाय.'"