न परतवलेला दुवा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी शालनताईंच्या आजारी नवऱ्याला एकेक दुवा दिला आणि शालनताईंनीही त्यांच्या घरच्यांना एकेक परत दिला. ऑपरेशनसाठी कोणाचा नंबर आधी, ते आता अशा दुव्यांवरच ठरे. सकाळी दुवे मोजणाऱ्या यंत्राने सगळे खोडून टाकले. देवाणघेवाणीला वजन नसतं.

शालनताई कशाबशा वरचा मजला चढल्या. तिथे राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका कारखानीसबाईंना अख्ख्या गावाने दुवे दिलेले, त्यामुळे त्यांचा एकच दुवा शंभरांना भारी. पण कुंड्यांच्या पाण्यावरून दोघींचं कित्येक वर्षांचं हाडवैर.

"बाई, यांच्यासाठी एक..."

"पहाटेच दिलाय," बाई दारातूनच म्हणाल्या. "आपलं पटत नाही हे यंत्राला ठाऊक आहे, म्हणून तो टिकेल."

शालनताईंनी भरल्या डोळ्यांनी तिळगुळाचा डबा पुढे केला.

"तो परत न्या. आपलं गूळपीठ जमलं की दुवा गेलाच म्हणून समजा."

दुपारी नवऱ्याचा नंबर वर सरकला. शालनताईंनी डोळे पुसले, गॅलरीत गेल्या आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडल्या, "अहो बाई, सांडलंत ना पुन्हा पाणी!"

दोरीवरचे कपडे कोरडेठाक होते.