चार बोटं कुंकू

"सांगा शेट, डुप्लिकेट हाय का न्हाई?"

मांडवगणच्या सावळारामनं एकवीस इंची टीव्ही काउंटरवर ठेवला आणि उपरण्यानं घाम पुसला. मागे त्याचे व्याही हाताची घडी घालून उभे होते. ते दौंडचे. हा टीव्ही सावळारामनं लेकीच्या, अपेक्षाच्या लग्नात दिला होता. दीड वर्षात तो बंद पडला आणि सासरच्यांनी तिला बोलून बोलून नको नको केलं. तुझ्या बापानं डुप्लिकेट माल देऊन आम्हाला फसवलं, म्हणे. आठ दिवसांपूर्वी तिला माहेरी आणून सोडलं होतं.

"शिरूरचं सोपानशेट सांगतील त्ये मान्य," व्याही म्हणाले. "शोरूमचा माल डुप्लिकेट, ह्ये पयल्यांदा त्यांनीच वळखलं. त्यांनी तसं म्हटलं, तर पोरगी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

सोपानरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. टीव्हीवर शोरूमचं पिवळं स्टिकर अजून चकाकत होतं. ते स्टिकर पाहिलं की शोरूम बंद पडल्यावरसुद्धा त्यांचं पित्त खवळायचं.

पुण्याच्या एका बड्या कंपनीचं ते शोरूम. जिल्ह्यात चौदा दुकानं होती, पंधरावं चार वर्षांपूर्वी बरोबर सोपानरावांच्या टीव्हीच्या दुकानासमोर, नाकासमोर उघडलं. काचेचा दरवाजा, आत गार हवा, टाय लावलेला मॅनेजर. त्या दिवसापासून सोपानरावांना अन्न गोड लागेना. समोर गिऱ्हाईक शिरलं की यांच्या पोटात दुखायचं. ते बॉक्स घेऊन बाहेर पडलं की जास्त दुखायचं. लग्नाला गेले तरी नवरानवरी राहिली बाजूला, हे आधी रुखवताकडे धावायचे. तिथल्या टीव्हीवर पिवळं स्टिकर दिसलं की पंगतीतली जिलेबीही कडू लागायची.

"अवो, आपलं बी बरं चाललंय की," त्यांची बायको सोजरबाई म्हणायची. "दुसऱ्याच्या ताटात कशापायी बघायचं?"

बरं चाललं होतं हे खोटं नव्हतं. त्या काळात दोन वर्षं दौंडचा भिमाजी टेम्पो घेऊन यायचा आणि लग्नसराईत आठवड्याला तीन-चार टीव्ही रोखीनं उचलायचा. दौंडात माझं दुकान हाय, म्हणायचा. अट एकच होती. "शेट, तुमचं स्टिकर लावू नका. माझं मी लावतो." सोपानराव स्टिकर लावत नसत. सोजरबाई मात्र टीव्ही लावून दाखवला की तो परत बॉक्समध्ये जायच्या आत त्याच्या बुडाला कुंकवाचा पंजा उमटवायची. लेक नांदायला निघाली की आपण कुंकू लावतो, ही लक्ष्मी पण निघालीच की, असं तिचं म्हणणं. बोटं चारच उमटायची. उजव्या हाताची करंगळी तिनं लहानपणी कडबाकुट्टीत गमावली होती.

पण असल्या गिऱ्हाइकातही सोपानरावांचा जीव रमेना. नजर सारखी रस्त्यापलीकडे. शेवटी त्यांनी जीभ कामाला लावली. सलूनमध्ये, सोसायटीत, तळेगावच्या बाजारात, अगदी रुखवतासमोर उभं राहून हळूच म्हणायचे, "बॉक्स कंपनीचा, आतला माल डुप्लिकेट. मी नुसता हात लावून वळखतो." ऐकणारा ते पुढं चार जणांना सांगायचा. त्यात कंपनीही डबघाईला आली. आधी पुण्यातलं मोठं दुकान गेलं, मग एकेक करत बाकीची. दिवाळीनंतर शिरूरचंही शटर कायमचं खाली आलं, तेव्हा सोपानरावांनी पेढे वाटले. नवल एवढंच, की त्यानंतर भिमाजीही पुन्हा फिरकला नाही. एवढं गिऱ्हाईक कुठं गेलं, ते त्यांना कळलं नाही.

"तर बघूच आता," सोपानराव म्हणाले. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागचं झाकण काढायला त्यांनी टीव्ही अलगद पालथा केला.

बुडाला कुंकू होतं. वाळून काळपट झालेलं, पण बोटं नीट मोजता येत होती. चार.

त्यांनी पुन्हा मोजली. मग सावळारामकडे न बघताच विचारलं, "ह्यो तुमच्या घरी कोण घिऊन आलतं?"

"शोरूमचाच मानूस. वरनं कंपनीचा माल यायचा बंद झाल्याला, पर मॅनेजरनं शब्द दिलता, लग्नाला टीव्ही पोचंल म्हणून. हळदीच्या सकाळी टेम्पो दारात हुबा. भिमाजी का कोण नाव हुतं."

सोपानरावांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. दोन वर्षं ज्या स्टिकरवर ते जळत होते, त्याच्याखाली त्यांचाच माल होता. आणि गावोगाव ज्याला नावं ठेवली, तोही तोच. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बोला की शेट," सावळाराम म्हणाला. "पोरीच्या संसाराचा प्रश्न हाय."

नुसतं डुप्लिकेट म्हटलं तर सोपानरावांचा शब्द तालुक्यात तसाच राहणार होता. बुडाकडे बघणारं दुसरं कोणी नव्हतं.

"अगं, जरा इकडं ये," त्यांनी आत हाक मारली. सोजरबाई पदराला हात पुसत आली. त्यांनी तिचा उजवा हात धरला आणि व्याह्यांसमोर टीव्हीच्या बुडावर टेकवला. चार बोटं चार बोटांवर बसली.

"पाव्हणं, पोरीला आजच घरी न्या," सोपानराव म्हणाले. "माल अस्सल हाय. माझ्याच दुकानातला हाय. आन् त्याला नावं ठिवणारा बी मीच हाय."