खांद्याएवढी उंची

कुपवाडच्या वर्कशॉपात प्रियंकानं उपग्रहांवरून जागा आणि उंची मोजणारा रिसीव्हर जुळवला होता. तो बोटभरही चुकत नसे. गावी आल्यावर तिनं तो मेंढ्यांच्या वाड्यात, जमिनीवर ठेवला.

"आई, जमिनीपासनं साडेचार फूट वर दावतंय गं."

कोकराला पाजत आई म्हणाली, "तुज्या आबांचा खांदा एवढाच व्हता. तुला बसवून माळभर हिंडवायचं."

आबा जाऊन वर्ष झालं होतं.

रिसीव्हरला जोडलेल्या मोबाईलवरचा आकडा हलू लागला. चालणाऱ्या माणसाच्या लयीत, किंचित वर, किंचित खाली. रिसीव्हर मातीतच पडून होता.

मग ती लय थांबली. आकडा हळूहळू उतरू लागला.

"आबा," प्रियंका पुटपुटली, "एवढ्यात खाली नगा ठेवू."