डावा स्पीकर

"एकच माणूस बोलतो. त्याला दोन स्पीकर कशाला?" राजाभाऊ म्हणाले.

राम आळीतल्या दुकानात काउंटरवर दोन ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी मांडले होते. एक मोनो, मुंबईत जोडलेला, स्वस्त. दुसरा स्टिरिओ, आत रेडिओ असलेला, बराच महाग. लीलाकाकूंच्या पिशवीत फणसपोळ्या विकून साठवलेले पैसे होते. निवड करायला त्यांनी पुतणीला, पद्मजाला, बरोबर आणलं होतं. ती त्याच वर्षी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती.

"काका, स्टिरिओ कॅसेटवर डावा आणि उजवा असे दोन आवाज वेगळे भरलेले असतात," पद्मजा म्हणाली. "मोनोत त्यांची खिचडी होते."

"खिचडी पचायला हलकी."

"गोपाळदादाच्या टेपरेकॉर्डरला दोन टोकांना दोन माईक असणार. एकाजवळ माणूस बसतो. दुसरा खोली ऐकतो."

राजाभाऊंनी सवयीप्रमाणे दोनदा घसा खाकरला. "खोलीला काय बोलायचं असतं?"

दुकानदार हसला. "वैनी, टीव्हीची वायरपण जोडता येईल याला. घरात थेटर."

"थेटर नको मला. गोपाळचा शब्द न् शब्द ऐकू यायला हवा," लीलाकाकू म्हणाल्या. "कान आहेत तोवर."

कान दोन वर्षांपासून उतरत चालले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल याचा भरवसा नाही.

गोपाळ त्यांचा आणि राजाभाऊंचा एकुलता एक मुलगा. चार वर्षं मस्कतला होता. मालक रजा देत नव्हता. पत्र लिहायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा, म्हणून तो कॅसेट भरून पाठवायचा. रजेवर येणारं कुणीतरी ती घेऊन यायचं आणि हातखंब्याच्या नाक्यावर चहाच्या टपरीत ठेवून जायचं. जमिनीच्या दाव्यासाठी राजाभाऊंना दर महिन्याला चिपळूणच्या कोर्टात जावं लागे. येताना ते हातखंब्याला उतरून कॅसेट घेऊन येत. जाताना काकूंनी दिलेलं लोणचं आणि लाडू तिथेच पोचते करत.

घरातल्या जुन्या टू-इन-वनचा डावा स्पीकर फाटला होता. तो दुरुस्त करायचं राजाभाऊ बरेच दिवस मनावर घेत नव्हते. नवी कॅसेट आली की टेप कुठे गुंतत नाही ना, हे पाहायला ते आधी एकटे ऐकत. मग काकूंना हाक मारत.

मस्कतच्या आधी गोपाळ चिपळूणलाच नोकरीला होता. तिथल्या एका परजातीच्या मुलीशी लग्न करायचं म्हणाला, तेव्हा काकूंनी सांगितलं होतं, "तिला घेऊन आलास तर या घरात मी पाण्याला शिवणार नाही." पुढच्या आठवड्यात राजाभाऊ निरोप घेऊन आले. त्याने मुलीचा नाद सोडला होता आणि तो परदेशी गेला होता. काकू खूप रडल्या. पण पोराने आपला शब्द राखला, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

"स्टिरिओच द्या," काकू दुकानदाराला म्हणाल्या.

राजाभाऊंनी खांदे उडवले. "तुझे पैसे, तुझे कान."

ॲम्प्लिफायर घरी आला त्या दिवशी राजाभाऊ तारखेला चिपळूणला गेले होते. दुपारी पद्मजाने टू-इन-वनच्या मागच्या भोकांत वायर खोचून तो नव्या यंत्राला जोडला. उजवा स्पीकर खिडकीत ठेवला, डावा देव्हाऱ्याशेजारच्या कपाटावर.

"कुठली लावू?"

"शेवटची. गाण्याची पोच दिलेली."

त्याच्या आधीच्या कॅसेटमध्ये गोपाळने हट्ट धरला होता, की मला निजवताना म्हणायचीस तो पाळणा भरून पाठव, इकडे झोप येत नाही. काकू लाजल्या होत्या. "घोडा झालाय, आणि पाळणा मागतोय." पण म्हटला होता त्यांनी, पूर्ण, घसा बसला असतानाही. राजाभाऊंनीच बटणं दाबली होती.

टेप फिरू लागली.

"आई," गोपाळ म्हणाला, आणि काकूंनी पदर तोंडाशी नेला. हाक मारण्याआधी त्याने गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला होता. "गाणं मिळालं. रोज लावतो. आता झोप लागते."

"पद्मे, समोर बसलाय गो तो."

कॅसेटची एक बाजू काकूंनी डोळे मिटून ऐकली. लोणचं आवडलं होतं. उन्हाळा कडक होता. गुडघ्याला तेल लावत जा, असं त्याने बजावलं होतं.

"काकू, डावा स्पीकर नीट वाजतो का, तेवढं तपासते," पद्मजा म्हणाली. तिने टेप मागे घेतली आणि बॅलन्सचं बटण पार डावीकडे फिरवलं.

गोपाळचा आवाज लांब गेला, शेजारच्या खोलीत गेल्यासारखा. त्याच्या जागी दुसरंच काही पुढे आलं. पाळण्याची करकरावी तशी कडी करकरत होती. लयीत, सावकाश. मग एक तान्हं मूल कुरकुरलं आणि रडायला लागलं.

"शेजारचं असेल," पद्मजा म्हणाली.

"मोठं कर."

"काकू, नुसती खरखर आहे त्यात."

"मोठं कर म्हणते ना."

काकू उठून कपाटाजवळ गेल्या आणि त्यांनी स्पीकरच्या जाळीला कान लावला. करकर थांबली. कुणीतरी दोनदा घसा खाकरला. पद्मजाचा हात झटकन बटणाकडे गेला. काकूंनी तिचं मनगट धरून ठेवलं.

"रडू नको गो बायो," राजाभाऊ म्हणत होते, "थांब, आजीचं गाणं लावतो."